एक जूनची माणसं

"नाव सांगू नगंस, वय सांगू नगंस. निस्तं माझ्या डोळ्यांत बघ," महाराज म्हणाले, आणि समोर मांडी घालून बसलेला म्हातारा पापणी न हलवता बघत राहिला.

मे महिना संपत आला होता. सावरघळच्या बंद पडलेल्या शाळेच्या पटांगणात साठ-सत्तर माणसं बसली होती आणि एवढ्या माणसांत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. महाराजांनी म्हाताऱ्याच्या कपाळावर अंगठा दाबला, मान मागं टाकली, बुबुळं वर नेली. आवाज एकदम खाली उतरला.

"ऊन सरतंया... आभाळ भरतंया... म्हैना सहावा. तारीख पैली. बाबा, एक जूनचं माणूस हाईस तू."

म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं. त्याला वाचता येत नव्हतं. शेजारच्यानं वाचलं, "जन्मतारीख एक, सहा, एकोणीसशे एकसष्ट." गर्दीतून दबका हुंकार गेला. पाठोपाठ एक बाई झाली, मग आणखी एक म्हातारा, मग त्याची भावजय. चार जणांच्या कपाळाला अंगठा लागला आणि चारही जण एक जूनचे निघाले. एका पंचविशीच्या पोराला मात्र महाराजांनी हात न लावताच परत पाठवलं. "तुझ्यावर सावली न्हाई. जा, खेळ."

मग त्यांनी मागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं काळा फळा होता. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'आजचा दिनविशेष' असं लिहिलेलं आणि खाली खडूनं चार नावं. बबन, सोपान, तुळसा, ज्ञानू. प्रत्येकापुढं जन्मतारीख १ जून, आणि त्यापुढं मरणाची तारीख, गेल्या वर्षभरातली.

"चार गेली," महाराज म्हणाले. "तारीख आपली माणसं हाक मारून न्हेती. ह्या एक जूनला ती पुन्यांदा येनार हाय."

मी शेवटच्या रांगेत सावली धरून बसले होते. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तो फळा मी ओळखला. त्यावरची पांढरी अक्षरं माझी होती. शाळा माझी होती. ती चारही नावं माझ्याकडं पहिलीत बसून गेली होती. भुताखेतांची टिंगल करण्यात माझी उभी हयात गेली, पण त्या फळ्यावर ती नावं बघून माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला सांगू.

माझं नाव शकुंतला. पण या खोऱ्यात मला त्या नावानं कुणी ओळखत नाही, इथं मी नुसती 'बाई'. बहात्तर साली मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या सावरघळला माझी पहिली नेमणूक झाली आणि नऊ वर्षं मी इथं शिकवलं. हल्ली साताऱ्यात राहते. तिथल्या एका दैनिकात गेली अकरा वर्षं मी 'दिनविशेष' लिहिते. आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला पूल सुरू झाला, कुठलं राज्य बुडालं. माझं सदर राशिभविष्याच्या बरोबर खाली छापतात, आणि त्याचा मला रोज सकाळी नव्यानं राग येतो.

मला इथं ओढून आणलं होतं ते सृष्टीनं. ही कृष्णातची मुलगी, साताऱ्यात रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. कृष्णात माझा जुना विद्यार्थी. चार दिवसांपूर्वी ती घरी आली आणि चप्पल न काढताच दारात रडायला लागली.

"बाई, पप्पांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. डॉक्टर म्हणाले आठ दिवसांत बायपास करा, नाहीतर माझ्याकडं परत येऊ नका. आणि परत आल्यापासून पप्पा गावाच्या बाहेर पडत नाहीत."

"का?"

"महाराज म्हणालेत, एक जून उलटेपर्यंत वेस ओलांडायची नाही. बाई, तुम्ही सांगाल तर ऐकतील. ते अजून तुम्हांला घाबरतात."

हे महाराज दोन महिन्यांपूर्वी गावात उगवले होते. नाव तिथीनाथ. नाव तिथीचं आणि सगळा धंदा इंग्रजी तारखेचा. यमराजानं पंचांग सोडून भिंतीवरचं कॅलेंडर कधी हातात घेतलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एक जूनच्या माणसाची तारीख 'बांधून' मिळे. त्याला लागे काळा दोरा, सोन्याचा एक मणी आणि आधार कार्डाची झेरॉक्स, दोन प्रती. बायकांनी गळ्यातले मणी काढून दिले होते.

सभा संपली तशी मी सृष्टीबरोबर गल्लीतून कृष्णातच्या घराकडं निघाले. भर दुपारी सगळी दारं लावलेली. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या, नारायणच्या घरातून चुलीचा धूर येत होता, आत भांड्याचा आवाज झाला. मी दोनदा हाक मारली. भांडं वाजायचं थांबलं, पण ओ आली नाही. सृष्टीनं माझा हात ओढला. "बाई, तीन हाका झाल्याशिवाय कुणी ओ देत नाही. तारीख दोनदाच हाक मारते म्हणे." ज्या गल्लीत माझ्या मागं पन्नास पोरं धावायची, तिथं मी तिसरी हाक मारली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

कृष्णात खाटेवर बसून होता. चेहरा राखेसारखा झालेला. मला बघून उठायला गेला आणि छाती धरून परत बसला. भिंतीवर कॅलेंडर होतं. मी सवयीनं पान उलटलं, तर मेनंतर एकदम जुलै.

"कृष्णात, जूनचं पान कुठं गेलं रे?"

"जाळलं. समद्या गावानं जाळलंय. म्हाराज म्हनलं, पान घरात ऱ्हायलं की तारखेला वाट घावती."

"आणि तुझ्या छातीतल्या नळ्या? त्या काय कॅलेंडर बघून उघडणार?"

तो हसला नाही. "बाई, डागदरला मी भीत न्हाई. पर बबन दवाखान्यात गेला तो चादरीतनंच आला. सोपान हिरडा काढाया चढला, आन जल्मभर ज्या झाडावर चढला त्याच झाडावनं पडला. मी वाटंतच गेलो तर? पोरीच्या म्होरं, जीपगाडीत?" त्याचे डोळे भरले. "आमी समदी एकाच तारखेची कशी वो? समदी? तुमीच सांगा. ह्ये उगंच असंल व्हय?"

मला उत्तर माहीत होतं. पण ते तिथं, त्या खाटेजवळ माझ्या तोंडातून निघेना. कारण त्या उत्तरात मी होते.

दुसऱ्या दिवशी रसूलच्या जीपमधून मी मेढ्याला गेले. रसूल हा साठीला टेकलेला वडापवाला, याच रस्त्यावर जीपमधून माणसं नेण्या-आणण्यात त्याची हयात गेली. सावरघळची शाळा बंद झाली तेव्हा तिचं दप्तर मेढ्याजवळच्या केंद्रशाळेत नेऊन ठेवलं होतं. तिथल्या तरुण हेडमास्तरांनी चहा दिला आणि धूळ झटकून जनरल रजिस्टर पुढं केलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख त्यात असते. मी पान उघडलं. निळी-काळी शाई, माझंच वळणदार अक्षर. नऊ वर्षांत त्रेपन्न मुलं. त्यांतल्या एक्कावन्न जणांची जन्मतारीख १ जून. दोघांची तेवढी वेगळी, कारण एकाचे वडील पोस्टात होते आणि दुसऱ्याचे तलाठी कचेरीत.

एक जून, एक जून, एक जून. मी बोट फिरवत गेले. कृष्णातच्या नोंदीपाशी बोट थांबलं. त्या नोंदीबद्दल मी बावन्न वर्षांत कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. नवऱ्याशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पटांगण भरलं. या खेपेला सृष्टी बापाला धरून घेऊन आली होती. शाळा वेशीच्या आत, म्हणून तो आला. महाराज आज कागद वाचणार होते. फळ्याला टेकवलेला पुठ्ठा त्यांनी उचलला. त्यावर वर्तमानपत्राचं कात्रण डकवून प्लास्टिक चढवलेलं होतं.

"ही तारीख निस्ती आपल्या गावाची न्हाई. जगाची हाय," त्यांनी सुरू केलं. "ऐका. एक जून दोन हजार एक. नेपाळच्या राजवाड्यात गोळीबार. राजा ठार, राणी ठार, घरचीच माणसं ठार. एक जून एकोणीसशे शहाण्णव. देशाचं माजी राष्ट्रपती वारलं. राजं सुटलं न्हाईत, राष्ट्रपती सुटलं न्हाईत. तुमी कोन?"

मी काठी टेकत उठले. "महाराज, तो पुठ्ठा जरा मला दाखवता?"

"कोन तुमी?"

"ज्या पेपरातलं ते कात्रण आहे, त्यात ते मी लिहिलंय. गेल्या वर्षी."

क्षणभर महाराज गडबडले, पण माणूस मोठा पोचलेला. लगेच हात जोडून गर्दीकडं वळले. "बघा. तारखेनं आपली लेखणीसुदीक पाठवली."

"पाठवलीच आहे, तर तिचं ऐका. माझ्या सदरात रोज दहा नोंदी असतात. अकरा वर्षांत एकदाही नऊ झाल्या नाहीत. इथं दोनच आहेत. बाकीच्या आठ कात्रीनं गेल्या." मी पुठ्ठा वर धरला, वेड्यावाकड्या कापलेल्या कडा सगळ्यांना दिसल्या. "कापलेलं काय होतं सांगू? एक जून एकोणीसशे तीस, मुंबई-पुण्याची डेक्कन क्वीन सुरू झाली. एक जून एकोणतीस, कोल्हापुरात प्रभात कंपनी निघाली. एक जून अठ्ठेचाळीस, पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. ज्या एसटीनं तुमची पोरं मुंबईला गेली आणि गणपतीला परत येतात, ती याच तारखेची. आणि जगभर याच दिवशी दूध दिन पाळतात, म्हणजे तुमच्या म्हशींचाही हा सण. कुठलीही तारीख घ्या, त्या दिवशी कुणी जन्मलेलं असतं, कुणी मेलेलं असतं. वर्षात दिवस तीनशे पासष्ट, आणि माणसं मरताहेत कधीपासून. एका दिवसाच्या वाट्याला मढी किती येतील?"

कुणी हललं नाही. भीती बुद्धीच्या दारानं आत येत नाही, मग त्या दारानं बाहेर तरी कशी जाईल. हे चाळीस वर्षं शिकवून मला कळायला हवं होतं. मी आवाज बदलला. वर्गात बदलायचे तसा.

"नारायण, उभा राहा."

अठ्ठावन्न वर्षांचा नारायण मुकाट्यानं उभा राहिला.

"तू जन्मलास तेव्हा काय झालं होतं? कार्ड काढू नकोस. आई काय सांगायची?"

नारायण गोंधळला. मग हळूच म्हणाला, "भूकंप झाला का न्हाई कोयनंचा, त्या दिशी माझं बारसं हुतं. आई म्हनायची, पहाटंचं पाळन्यात निजीवला हुता, आन पाळना आपला आपुन झुलाय लागला. तिला वाटलं कुनीतरी झोका देतंय. बघती तर कुनीच न्हाई."

पटांगणात एक शहारा आला. मी म्हणाले, "कोयनेचा भूकंप अकरा डिसेंबर सदुसष्टचा. तारखा हा माझा धंदा आहे. त्या दिवशी तुझं बारसं, म्हणजे जन्म बारा दिवस आधीचा. नोव्हेंबर संपता संपता. जून कुठं आला?"

नारायणच्या शेजारची बाई न विचारताच उठली. "मी गौरी जेवल्या त्या दिशीची. आईला वल्या बाळंतिनीला घावनघाटलं मिळालं, आसं आजी सांगायची."

"म्हणजे भाद्रपद. तू गं?"

"शिमग्याची. व्हळी पेटली आन मी रडले."

"आमच्या घरात म्हस आन आई एकाच दिशी याली," मागून एक म्हातारा म्हणाला. "सुगी चालू हुती. आजा म्हनायचा, म्हशीनं तरी रेडी दिली." आणि त्या पटांगणात दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

जीपला टेकून उभा असलेला रसूलही पुढं आला. "बाई, माझ्या कार्डावर बी एक जूनच हाय. अम्मी सांगायची, रमजान ईदीच्या दुसऱ्या दिशी झालो, आन एवढी थंडी हुती की दाईनं मला शेगडीपशी धरलं हुतं. मी सदुसष्ट सालचा."

"सदुसष्टची रमजान ईद जानेवारीत होती," मी म्हणाले.

मग थांबवायला कुणी नव्हतं. आईनं, आजीनं, मोठ्या बहिणीनं सांगितलेलं, पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं एकेक बाहेर यायला लागलं. भात लावणीत चिखलात कळा आल्या ती. यात्रेच्या छबिन्याला झाला तो. चौतीस जण बोलले. त्यांत नेमकी जूनच्या पेरणीतली अशी एक बाई निघाली, एकटी. उरलेल्या तेहतीस जणांचे जन्म साऱ्या वर्षभर विखुरलेले.

महाराज आता उभे राहिले होते. "आईची तारीख येगळी, कागदाची येगळी! कागदावर जे उतरलं त्ये ईधीलिखित!"

"विधिलिखित नाही. मी लिहिलंय ते," मी म्हणाले. "माझ्या आधी गुरुजी होते त्यांनी, आणि नंतर मी. तुमच्या आया मुलांना घेऊन यायच्या. मी विचारायची, जन्मतारीख? त्या म्हणायच्या, भूकंपाच्या साली. रजिस्टरात 'भूकंपाच्या साली' लिहिता येत नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, तोवर मुलाला सहा पूर्ण हवीत. मग सहा वर्षं मागं जायचं आणि लिहायचं, एक जून. सगळ्या महाराष्ट्रातल्या गुरुजींनी हेच केलं. शाळेचा दाखला झाला, दाखल्यावरून रेशनकार्ड, त्यावरून आधार. आज असल्या खेड्यांत पन्नाशीच्या पुढच्या कुणाच्याही कपाळाला अंगठा लावा आणि एक जून म्हणा, दहात सात वेळा बरोबर येईल. पंचविशीच्या पोराला हे का हात लावत नाहीत? तो दवाखान्यात जन्मलाय. त्याची तारीख खरी आहे."

"मंग ती चार मानसं?" कुणीतरी विचारलं.

"एसटीत सगळेच टोपीवाले बसले असतील, तर जो कुणी उतरेल तो टोपीवालाच असणार. त्यात टोपीचा काय दोष? बबनचं लिव्हर गेलं, का ते तुम्हांला ठाऊक आहे. सोपान या वयात हिरड्याच्या झाडावर चढला. तुळसाची साखर पाचशेवर गेली होती. ज्ञानूनं छातीतल्या कळेवर महिनाभर ओवा खाल्ला. आणि याच वर्षी तुमच्या गावचा मल्हार मोटारसायकलवरून गेला, सव्वीस वर्षांचा. तो या फळ्यावर का नाही? कारण तो नोव्हेंबरचा."

मल्हारची आई गर्दीत होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाईट वाटलं, पण ते म्हणायला हवं होतं.

रसूल मघापासून महाराजांकडं टक लावून बघत होता. "आत्ता घावलं," तो म्हणाला. "आवं, ह्येला मी वळकतो. दोन प्रती, दोन प्रती म्हनतोय तवापासनं डोक्यात घोळतंय. यष्टी स्टँडच्या मागं झेरॉक्सचं दुकान हुतं ह्येचं. ऑनलाइन फॉरम भरायचा. माझ्या पोराचं रेशनकार्ड ह्येनंच केलं. बाळासो न्हवं का रं तू? त्या वक्ताला बी माझं कार्ड बघून हासला हुतास, म्हातारी समदी एकाच दिशी कशी जल्मली म्हनून."

बाळासोनं पटांगणाच्या फाटकाकडं बघितलं, पण तिथं नारायण जाऊन उभा होता. दोन-चार जण चपला काढून पुढं सरकले. मी काठी आडवी धरली. "हात लावायचा नाही कुणी. मणी परत घ्या. मेढ्याच्या पोलीस स्टेशनला मी स्वतः तक्रार देते, असल्या फसवणुकीसाठी जादूटोणाविरोधी कायदा आहे." मण्यांची डबी त्याच्या गादीखालून निघाली. बायका आपापला मणी ओळखून घेऊ लागल्या आणि मला वाटलं, झालं.

तेवढ्यात कृष्णात बोलला.

"बाई, ह्यांचं समद्यांचं पटलं. पर माझी आई मला जल्म देतानाच गेली. बा मुंबईला. मला कुनी काय सांगितलंच न्हाई. ह्यांची तारीख खोटी ठरली. माझी कशावनं खोटी?"

सृष्टी माझ्याकडं बघत होती. सगळेच बघत होते. एक खोटी गोष्ट जिभेवर तयार होती. तुझी आजी मला म्हणाली होती, दिवाळीच्या पाडव्याला झालास. कुणी तपासलं नसतं, आणि तो जीपमध्ये बसला असता. बाळासोसुद्धा माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत मला असं दिसलं की हा मोह त्याच्या ओळखीचा आहे. त्या नजरेनंच मी भानावर आले.

"कृष्णात, तुझी खोटी आहे हे मला सगळ्यांत पक्कं माहीत आहे," मी म्हणाले. "चौऱ्याहत्तर साली पटावर एकोणीस मुलं होती. वीस झाली नाहीत तर शाळा बंद, असं साहेब बजावून गेले होते. जुलैमध्ये तुझ्या चुलत्यानं तुला आणलं. तेव्हा वय बघायची आमची एकच रीत होती. डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचा. हात पोचला की सहा वर्षं. ती रीत काही फार शास्त्रीय नाही, पण तुझा हात दोन बोटंही नाही, चांगला चार बोटं कमी पडला. तू पाचाचाही नव्हतास. आणि मी लिहिलं, वय सहा, एक जून अडुसष्ट. शाळेसाठी लिहिलं, आणि माझ्या नोकरीसाठीही लिहिलं. त्या तारखेला तू बहुतेक आईच्या पोटातसुद्धा नव्हतास. त्या दिवशी जन्मलेला कृष्णात जगात नव्हताच. ज्याला ही तारीख न्यायला येणार आहे, तो माणूस मी शाईनं बनवला होता."

बाईंनी खोटं लिहिलं, हे सगळ्या गावानं ऐकलं होतं. ज्यांना मी खोटं बोललं म्हणून छड्या मारल्या, तीच ही माणसं होती.

कृष्णातनं विचारलं, "मंग मी कवाचा वो, बाई?"

"मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. एखादी तारीख बनवून देता येईल, पण एकदा बनवली तेवढी पुरे झाली. आणि हेही ऐक. ऑपरेशनात माणूस दगावतोसुद्धा. मी तुला वचन देत नाही. पण दगावलास तर ते हृदयानं. आणि इथं बसलास तर ते नक्कीच."

तो सृष्टीच्या खांद्याला धरून उठला. "चल, पोरी," म्हणाला, आणि रसूलच्या जीपकडं चालायला लागला. वेशीजवळ त्यानं पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. रसूलनं गाडी हळू केली नाही.

साताऱ्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी यादी बघितली आणि म्हणाले, "सोमवारी घेऊ." सोमवारी एक जून होता.

डॉक्टरांना त्यात काही नव्हतं, त्यांना ती एक रिकामी जागा होती. पण सृष्टीचा हात माझ्या हातात थंड पडला. कृष्णातनं माझ्याकडं बघितलं आणि फॉर्मवर स्वतः सही केली.

त्या सोमवारी मी जेवढी भ्याले तेवढी आयुष्यात कधी भ्याले नाही. तारखेला नाही. डॉक्टर म्हणाले होते, शंभरात दोन-तीन जण जातात. कृष्णात त्या दोन-तिघांत निघाला तर? मग शंभर पुठ्ठे फाडले तरी सावरघळ माझं ऐकणार नव्हतं, आणि प्रत्येक खोऱ्यात एक बाळासो उभा राहिला असता. नुसता योगायोग, आणि त्याच्यावर किती माणसांचं मरण टांगलेलं. सकाळी नऊ वाजता सावरघळहून दोन जीपगाड्या भरून एक जूनची एकतीस माणसं आली आणि दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसली. माझ्यासारखीच तीही घड्याळ बघत होती.

बसून बसून माझं डोकं फिरलं. मी उठले आणि सगळ्यांना बाहेरच्या विभागात रांगेत उभं केलं. म्हटलं, आलाच आहात तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. खिडकीतली नर्स नाव विचारी, जन्मतारीख विचारी, लिहून घेई. एक जून. एक जून. एक जून. आठव्या माणसाला तिनं मान वर केली. "आज तुमच्या गावात सगळ्यांचाच वाढदिवस आहे का?"

नारायण म्हणाला, "न्हाई शिस्टर. आमची तारीख आमच्या बाईंनी लिवलीया." आणि ती माणसं हसायला लागली. त्या बाकड्यांवर, त्या तारखेला, पोट धरून हसली.

दुपारी अडीचला डॉक्टर बाहेर आले आणि सृष्टीला म्हणाले, "व्यवस्थित झालंय." ती खाली बसली आणि मीही बसले.

एकतीसपैकी बारा जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. नऊ जणांना साखर होती आणि त्यांतल्या सहांना आजवर ते माहीतच नव्हतं. त्या फळ्यावरची पुढची नावं तीच होती. त्यांना हाक मारत होतं ते हे दुखणं, आणि त्याला तीन हाका लागत नाहीत, एकही लागत नाही. तुमच्या घरातही एक जूनचं कुणीतरी असेल, आई असेल, आजोबा असतील, मामा असतील. त्यांच्या तारखेला भिऊ नका, ती कुणा मास्तरानं घाईत लिहिलेली आहे. या आठवड्यात त्यांना हाताला धरून दवाखान्यात न्या.